मिठाच्या पाण्याला टाकी, पाइप आणि बोल्ट कसले घ्यायचे? नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

टाकी गळायला लागली की आपल्याकडं पहिला फोन वेल्डरला जातो. तो येतो, भोक बुजवतो, पैसे घेतो आणि दोन महिन्यांनी त्याच शिवणीच्या चार बोटं बाजूला दुसरं भोक पडतं. मीपण हेच केलंय. कुपवाड एमआयडीसीत एका लहान लोणच्याच्या युनिटला होतो तेव्हा कैरीच्या फोडी मिठाच्या पाण्यात मुरवायला दोन हजार लिटरची एसएस ३०४ ची (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ हा त्याचा ग्रेड) टाकी करून घेतली, आरशासारखी चकाचक, येणारा जाणारा हात फिरवून बघायचा. मे महिन्यात भरली आणि दिवाळीच्या आत खालच्या वेल्डिंगला आणि आउटलेटच्या फ्लँजला (बोल्टनं आवळायच्या कडेला) थेंब धरायला लागले. रिकामी करून आत टॉर्च मारला तर सुईनं टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके. तीनदा वेल्ड केली, शेवटी भंगारात घातली आणि फोडी एचडीपीईच्या (टणक पॉलिथिनच्या) निळ्या पिंपात गेल्या. पिंपं अजून चालू आहेत. मात्र त्या पिंपांना आम्ही पितळी कॉक बसवला होता, तो वर्षात गुलाबी पडून हातात तुटून आला, म्हणजे एका चुकीतून शिकलो आणि लगेच दुसरी केली.

तेव्हापासून मिठाच्या पाण्याची कामं बरीच केली. लोणचं, बर्फाचा कारखाना, बॉयलरच्या सॉफ्टनरची (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राची) ब्राइन टाकी, ब्राइन म्हणजे मिठाचं पाणीच. माझं मत एकच झालंय. टाकी निवडणं सोपं असतं, पैसे आणि डोकं तिथं फार घालवू नका. मिठाचं पाणी मारतं ते जोडावर. बोल्ट, गॅस्केट (सांध्यात दाबून बसवायची रबरी चकती), कॉक, प्रेशर गेज, पाइपचा क्लॅम्प. तेव्हा हे सगळं एकेक करून सांगतो.

आधी एक कागद घ्या

दुकानात जायच्या आधी पाच-सहा गोष्टी लिहून काढा. मीठ किती टक्के, पाणी किती गरम किंवा थंड, आंबटपणा आहे का, तेल आहे का, ते खायच्या मालाला लागणार आहे का, आणि टाकी कशानं धुणार. हे लिहिलं नाही तर दुकानदार त्याच्याकडं जे पडलंय ते देणार, त्यात त्याची काय चूक.

टक्क्यांचा हिशोब नवीन लोकं हमखास चुकवतात. १०० लिटर पाण्यात १५ किलो मीठ टाकलं की १५ टक्के झालं असं वाटतं, पण ते १३ टक्के असतं. १५ टक्के हवं तर ८५ लिटर पाण्याला १५ किलो मीठ. आणि कितीही टाकलं तरी साध्या तापमानाला २६ टक्क्यांच्या थोडं वर गेलं की मीठ विरघळायचं थांबतं, बाकीचं तळाला बसतं. हा झाला पूर्ण भरलेला ब्राइन.

आता हे पाणी किती वाईट ते बघा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. लोणच्याच्या १५ टक्क्यांच्या पाण्यात शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि पूर्ण भरलेल्या ब्राइनमध्ये १९० च्या जवळपास. म्हणजे समुद्राच्या दहापट. आपण सांगलीत बसलोय, समुद्र बघायला घाट उतरून जावं लागतं, पण टाकीत त्याच्यापेक्षा जहाल पाणी भरून ठेवलेलं असतं.

कागदावर अजून एक आकडा लिहा, वजन. पूर्ण ब्राइन पाण्यापेक्षा सव्वा नाही पण वीस टक्के जड असतो. हजार लिटरच्या टाकीत हजार किलो नाही, बाराशे किलो असतं. गच्चीवर घालायच्या साध्या पाण्याच्या टाक्या साध्या पाण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्या ब्राइननं काठोकाठ भरल्या की उन्हाळ्यात पोट सुटल्यासारख्या फुगतात. कंपनीला सांगून १.२ घनतेला चालणारी जाड भिंतीची टाकी मागवा, नाहीतर साधीच घ्या पण तीन चतुर्थांशच भरा.

मीठ धातूला नेमकं काय करतं

स्टेनलेस स्टील गंजत नाही याचं कारण त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा असतो, इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. ओरखडा पडला तर हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजननं तो परत धरतो. क्लोराइड हा पापुद्रा एखाद्या ठिकाणी फोडतं. मग तिथं बारीक खड्डा पडतो, खड्ड्यात ऑक्सिजन पोचत नाही त्यामुळं पापुद्रा परत धरत नाही, आतलं पाणी आंबट होत जातं, त्या आंबट पाण्याकडं अजून क्लोराइड ओढलं जातं. वरून टाचणीएवढं भोक, आतून पोखरलेली गुहा. दाताच्या किडीसारखंच. म्हणून बाहेरून चकाचक टाकी एका रात्रीत गळायला लागते आणि मालक म्हणतो काल तर ठीक होती.

गॅस्केटच्या खाली, बोल्टच्या आट्यांत, दोन पत्र्यांच्या सांध्यात, तळाला बसलेल्या मिठाच्या थराखाली हाच प्रकार आपोआप तयार असतो, कारण तिथं पाणी साचून राहतं आणि ऑक्सिजन जात नाही. सांधा म्हणजे आयता खड्डा.

साध्या लोखंडाची गोष्ट वेगळी आहे आणि ती बहुतेकांना उलटी वाटते. मीठ वाढवत गेलं की गंज वाढतच जातो असं नाही. लोखंड सगळ्यात जास्त गंजतं ते तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे समुद्राच्या खारटपणाला. त्याच्यापुढं मीठ वाढलं की पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो आणि गंज मंदावतो. जुन्या बर्फाच्या कारखान्यांत एमएसच्या (साध्या लोखंडी पत्र्याच्या) ब्राइन टाक्या वर्षानुवर्षं चालायच्या त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथं पाणी शून्याच्या खाली आठ-दहा डिग्रीला असतं, आणि तिसरं, त्यात डायक्रोमेट नावाचं गंज रोखणारं रसायन घालून पीएच (आंबटपणाचा आकडा, सातच्या खाली आंबट) साताच्या थोडा वर राखायचे. पण तुम्ही अशा टाकीचा काठ बघा. पाण्याची रेघ जिथं वरखाली होते, शिंतोडे उडून वाळतात, तिथं पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो. बुडालेला भाग ठणठणीत आणि काठ खलास. तेव्हा तपासताना तळाच्या आधी पाण्याची रेघ बघायची.

डायक्रोमेट विषारी आहे, कॅन्सर करणारं आहे. खायच्या मालाच्या जवळपाससुद्धा ते नको, आणि ते पाणी नाल्यात तर अजिबातच नाही. कुणी जुना माणूस "नारिंगी पावडर टाका, गंज थांबतो" म्हणाला तर गंजाबद्दल त्याचं खरं आहे, पण ऐकू नका.

टाकी: पहिल्यांदा प्लास्टिक, मग बाकीचं

साध्या तापमानाच्या मिठाच्या पाण्याला एचडीपीई किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) हे पहिलं उत्तर, आणि दहातल्या आठ कामांना तेच शेवटचं पण. मीठ त्यांना काही करत नाही. आपल्या आज्ज्यांनी लोणचं चिनी मातीच्या बरणीत घातलं आणि पितळेचा डाव त्यात बुडवू दिला नाही, तो हिशोब हाच होता. फरक इतकाच की बरणी पडली की फुटते.

खायच्या मालाला असेल तर टाकी किंवा पिंप फूड ग्रेडचं मागा. अन्नाला लागणाऱ्या पॉलिथिनसाठी आयएस १०१४६ असं मानक आहे, त्याचं सर्टिफिकेट द्या म्हणायचं. सेकंडहँड निळी पिंपं स्वस्तात मिळतात, पण त्यात आधी काय होतं ते कुणी सांगत नाही. आपल्याकडं द्राक्षाचा पट्टा आहे, औषधांची रिकामी पिंपं मोप फिरतात. प्लास्टिक ते पिऊन घेतं, कितीही धुवा. सॉफ्टनरच्या मिठाला एकवेळ चालेल, खायच्या मालाला नाही.

ऊन हा प्लास्टिकचा खरा शत्रू. उघड्यावर ठेवायची तर काळी टाकी घ्या, त्यातली कार्बनची काजळीच ऊन अडवते. पांढरी किंवा अर्धपारदर्शक टाकी शेडमध्ये ठेवायची, तिच्यात पातळी बाहेरून दिसते हा फायदा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी गाठतो आणि उन्हातली काळी टाकी त्याच्यावर जाते, तेव्हा शक्यतो वर पत्रा घालाच.

टाकीच्या बुडाला सपाट कॉंक्रीट पाहिजे. तीन दगडांवर ठेवलेली प्लास्टिक टाकी ब्राइनच्या वजनानं हळूहळू मधे बसते. आणि कृष्णाकाठच्या लोकांसाठी एक जास्तीची गोष्ट: रिकामी टाकी पुरात तरंगते. पाच हजार लिटरची रिकामी बंद टाकी पुराचं पाणी पाच टनांच्या जोरानं वर उचलतं. २०१९ च्या महापुरात टाक्या कुठल्या कुठं गेलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. पाणी चढणार असं कळलं की टाकी भरून ठेवा, किंवा आधीच पट्ट्यांनी खाली बांधून घ्या. बांधायच्या पट्ट्या नायलॉनच्या घेतल्या तर एक गंजणारी वस्तू कमी.

मोठी टाकी हवी असेल, दहा हजार लिटरच्या पुढं, तर एफआरपी, म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये बसवलेलं फायबर, बघा. फायबरच्या टाकीत काच किती याच्यापेक्षा रेझिन कुठलं हे विचारायचं. गरम किंवा आंबट पाण्याला व्हिनाइल एस्टर, साध्या थंड ब्राइनला आयसोफ्थॅलिकपण पुरतं. "जनरल पर्पज" म्हणून विकतात ते नको. आतून रेझिनचा जास्तीचा थर असला पाहिजे, काचेचा धागा कुठं उघडा दिसला तर टाकी परत पाठवा, कारण धाग्याच्या कडेनं पाणी आत शिरतं. ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून आतल्या भिंतीला घासा, चिकट लागलं तर रेझिन नीट पिकलेलं नाही. खायच्या मालाला असेल तर नुसता वास घ्या, रंगाच्या दुकानासारखा वास येत असेल तर अजून तयार नाही.

आरसीसीचे हौद जुन्या युनिटमध्ये असतात. कॉंक्रीटला मीठ स्वतः फार त्रास देत नाही, पण ते आत झिरपून सळीपर्यंत पोचतं, सळी गंजून फुगते आणि कॉंक्रीट आतून फोडते. हौद असेलच तर आतून एचडीपीईचा जाड पत्रा वेल्ड करून घ्या. नुसता इपॉक्सी मारला आणि एखादं बारीक छिद्र राहिलं तर सगळा मारा त्या एका छिद्रात होतो. लोखंडी टाकीला आतून रबर किंवा इपॉक्सीचं अस्तर लावतात तिथंपण हेच, म्हणून अस्तर झाल्यावर स्पार्क टेस्ट (विजेच्या ठिणगीनं छिद्र शोधायची चाचणी) केल्याशिवाय पैसे सोडू नका.

पाइप आणि कॉक

यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) चालतो, स्वस्त आहे, कुठल्याही हार्डवेअरला मिळतो. पण गरम पाण्यात त्याचा दम जातो. ६० डिग्रीला त्याची प्रेशर सोसायची ताकद साधारण पाचव्या हिश्शावर येते. पाणी ४५ च्या वर असेल तर सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा पीव्हीसी) किंवा पीपी घ्या.

दोन गोष्टी सगळे विसरतात. पहिली, यूपीव्हीसी पाइप उन्हानं लांबतो. दहा मीटरच्या लाइनीत सकाळ-दुपारच्या ३० डिग्रीच्या फरकानं दोनेक सेंटिमीटर. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर हा लांबलेला पाइप टाकीच्या नोझलला रेटतो. दुसरी, भरल्यावर प्लास्टिकची टाकी थोडी फुगते, नोझल बाहेर सरकतं. दोन्हीचं मिळून नोझलच्या मुळाशी तडा जातो आणि लोकं म्हणतात टाकी खराब निघाली. टाकी आणि पाइप यांच्यामध्ये हातभर रबरी होज टाका, विषय संपला.

पण होज आली की होज क्लिप आली. दुकानात "एसएसची आहे" म्हणून देतात ती क्लिप बहुतेकदा पट्टीच तेवढी एसएस असते आणि स्क्रू लोखंडाचा, वर झिंक मारलेला. सहा महिन्यांत स्क्रू गळून पडतो आणि चकाचक पट्टी तशीच राहते. क्लिप हातात घेऊन स्क्रूला लोहचुंबक लावा. इथं चुंबक उपयोगाचा आहे. पुढं सांगतो तिथं नाही.

बॉल व्हॉल्व्ह यूपीव्हीसी किंवा पीपीचाच. पितळ मिठाच्या पाण्यात टाकलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागं स्पंजासारखं गुलाबी तांबं राहतं, आकार तोच, ताकद शून्य. वरच्या टाकीच्या बॉल कॉकची दांडी, प्रेशर गेजच्या आतली नळी, पाण्याच्या मीटरची बॉडी, हे सगळं पितळेचंच असतं, कुणाच्या ध्यानात येत नाही. गेज लावायचंच तर डायफ्राम सीलवालं (मधे पडदा असलेलं) घ्या, म्हणजे ब्राइन गेजच्या आत जात नाही. अॅल्युमिनियम आणि जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) तर विषयच नको. बर्फाच्या कारखान्यातले डबे जीआयचे असतात हे खरं, पण तिथं पाण्यात डायक्रोमेट घातलेलं असतं हे आत्ता वर बोललो.

गॅस्केट

ब्राइनला ईपीडीएम रबर एकदम चांगलं, बरीच वर्षं टिकतं. पण लोणच्यात तेल येतं, आणि तेलात ईपीडीएम फुगून जेलीसारखं होतं. तेल लागणार असेल तर नायट्राइल, गरम आणि तेलकट असेल तर व्हायटॉन. म्हणून कागदावर तेलाचा रकाना ठेवायला सांगितला. गॅस्केट पाइपच्या आतल्या भोकाएवढंच कापा, भोकाच्या मागं राहिलं तर तिथं खाच तयार होते आणि धातूचा फ्लँज असेल तर खड्डा तिथंच पडतो.

पंप

इथं मॅग्नेटिक ड्राइव्हचा (मोटर चुंबकाच्या ओढीनं पंप फिरवते असा) पीपी पंप घेतात, त्याला सील नसतो त्यामुळं गळती नाही. स्वच्छ ब्राइनला उत्तम. मात्र पूर्ण भरलेल्या ब्राइनमध्ये मिठाचे खडे फिरत असले तर आतला बुश खाऊन टाकतात, त्यामुळं टाकीच्या तळातून पंपाला लाइन घेऊ नका, वीतभर वरून घ्या. सीलवाला पंप असेल तर बंद केल्यावर सीलच्या तोंडावर मीठ वाळून काचेच्या चुऱ्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी चालू केला की सील गेला. बंद करायच्या आधी दोन मिनिटं साधं पाणी फिरवायची सवय ऑपरेटरला लावा, हे एवढं केलं तर सीलचा निम्मा खर्च वाचतो असा माझा अनुभव आहे. आणि मोटर जड पाण्याच्या हिशोबानं घ्या, घनता वीस टक्के जास्त म्हणजे तेवढाच पॉवरचा बोजा जास्त.

धातूच पाहिजे असेल तेव्हा

उष्णता द्यायची आहे, आत हलवायला स्टिरर आहे, प्रेशर आहे, किंवा गिऱ्हाइकाच्या ऑडिटवाल्याला स्टीलच दिसलं पाहिजे, अशा वेळी प्लास्टिक भागत नाही. मग ग्रेड निवडायला एक सोपा हिशोब आहे, त्याला प्रेन नंबर म्हणतात. क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमचे टक्के गुणिले ३.३, अधिक नायट्रोजनचे टक्के गुणिले १६. जेवढा आकडा मोठा तेवढा खड्ड्यांना विरोध जास्त. ३०४ चा आकडा १८-१९ येतो, कारण त्यात मॉलिब्डेनम नाहीच. ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं, म्हणून तो २४ च्या आसपास. डुप्लेक्स (स्टेनलेसचाच एक वरचा प्रकार) २२०५ चा ३५, सुपर डुप्लेक्स २५०७ चा ४० च्या वर. समुद्राच्या पाण्यात कायम बुडून राहायला ४० च्या वर पाहिजे असं धरतात, आणि आपलं पाणी त्याच्याही वरचं.

म्हणजे "३१६ घेतलं की निश्चिंत" हे खरं नाही. ३१६ खारट पाण्यात जरूर वापरतात, पण ज्याला पाणी लागतं, वाहून जातं, मग धुतलं जातं अशा वस्तूला: चाळणी, कन्व्हेयर, टेबल, पळी. महिनोन्महिने भरून ठेवायच्या टाकीला नाही. त्यातून पाणी ६० डिग्रीच्या वर गेलं तर ३०४ आणि ३१६ दोन्हींना नुसते खड्डे पडत नाहीत, वेल्डिंगजवळ ताणानं तडे जातात, आणि ते अचानक जातात. तिथं डुप्लेक्स बघा. गरम ब्राइनच्या कॉइलला किंवा हीट एक्स्चेंजरला टायटॅनियम हे सगळ्यात शांतपणे झोपू देणारं उत्तर, पण ७०-८० डिग्रीच्या वर त्यालाही गॅस्केटखाली त्रास होतो, तेव्हा पॅलेडियम घातलेला ग्रेड ७ लागतो. किंमत ऐकून चहा सांडेल. पण कॉइल दर दोन वर्षांनी बदलायची असेल तर कॉइल, मजुरी आणि बंद पडलेले दिवस असा एकत्र हिशोब मांडून बघा, बऱ्याचदा टायटॅनियम महाग राहत नाही.

वेल्डिंगबद्दल तीन वाक्यं. ३१६ घेत असाल तर ३१६ एल घ्या, कार्बन कमी असतो, जोडाची कड टिकते. आर्गन वेल्डिंग करताना मागच्या बाजूनंही आर्गन सोडायला लावा, आणि वेल्डच्या बाजूला जो निळा-सोनेरी पट्टा उमटतो तो शोभेचा नाही, तिथलं क्रोमियम जळालेलं असतं, तो पिकलिंग पेस्टनं काढून घ्या. लोणच्याच्या युनिटला पिकलिंग पेस्ट म्हटलं की लोकं हसतात, पण ते नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, हाताला लागलं तर हाडापर्यंत जातं, जाणकाराकडूनच करून घ्या. माझ्या पहिल्या टाकीत हा पट्टा तसाच होता, आणि भोकं बरोबर त्या पट्ट्यातच पडली.

अजून एक, दोन धातू एकत्र ठेवताना विचार करा. स्टेनलेसच्या मोठ्या टाकीला साधे लोखंडी बोल्ट लावले तर बोल्ट दुप्पट वेगानं नाही, कितीतरी पटीनं जातात, कारण मोठ्या पत्र्याचा सगळा भार त्या चिमुकल्या बोल्टावर येतो. उलटं असेल, मोठं लोखंड आणि लहान एसएस बोल्ट, तर तेवढा त्रास नाही. नियम असा की बोल्ट नेहमी पत्र्याच्या बरोबरीचा किंवा वरचा. प्लास्टिकच्या फ्लँजला ३१६ चे बोल्ट बाहेरून चालतात, फक्त वरचेवर साध्या पाण्यानं धुवा.

दुकानात फसायचं नाही

"साहेब, चुंबक लावून बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. चुंबक २०२ लापण चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, भांड्यांच्या बाजारात ते सर्रास चालतं, दिसायला तसंच, मिठात ३०४ च्याही आधी जातं. उलट खरं ३०४ वाकवलं की वाकलेल्या ठिकाणी थोडं चिकटतंसुद्धा. त्यामुळं ग्रेड ओळखायला चुंबक कामाचा नाही.

मॉलिब्डेनम ओळखायची बाटली मिळते, एक थेंब टाकून बॅटरी लावायची, ३१६ असेल तर रंग बदलतो. त्याच्यावर भरवसा हवा तर पीएमआयची गन (धातूत काय काय आहे ते जागेवर मोजणारं यंत्र) असलेल्या लॅबवाल्याला बोलवा, काही सेकंदांत टक्के दाखवते. पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा तपासणीचा दाखला) मागा आणि त्यावरचा हीट नंबर (कुठल्या घाण्यातला पत्रा आहे तो नंबर) पत्र्यावर छापलेल्या नंबराशी जुळवा. फॅब्रिकेटरनं पत्रा कापायच्या आधी हे करायचं, टाकी तयार झाल्यावर नंबर कुठल्या कुठं गेलेला असतो.

वाट बघायची तयारी असेल तर

मोठं काम असेल तर स्वतःच्या पाण्यात तुकडे लटकवून बघा. जे जे धातू विचारात आहेत त्यांच्या बोटभर पट्ट्या कापा, एक साधी आणि एक वेल्ड केलेली, प्रत्येकीला घट्ट रबर बँड गुंडाळा म्हणजे सांधा तयार होतो, आणि नायलॉनच्या दोऱ्यानं अर्ध्या पाण्यात अर्ध्या बाहेर सोडा. एकमेकींना लागू देऊ नका. आधी वजन करून ठेवा. साध्या काट्यावर हा फरक कळत नाही, मी सराफ कट्ट्यावर सोनाराच्या काट्यावर करून आणतो, तो पहिल्यांदा माझ्याकडं बघतच राहिला, एसएसच्या पट्ट्या घेऊन आलेला हा कोण. तीन महिन्यांनी काढून रबर बँडच्या खाली आणि पाण्याच्या रेघेवर भिंगानं बघा. वजन फारसं घटलेलं नसेल आणि तरीही बँडखाली ठिपके असतील तर तो धातू नापास.

चालू झाल्यावर

मिठाचं पाणी सांध्यातून नुसतं ओलावलं तरी बाहेर वाळत पांढरी वाढ धरतं, आणि त्या वाढीतून अजून पाणी वर ओढलं जातं. आपल्या क्षारपड जमिनीत पांढरं फुटून येतं ना, तसंच. पांढरं दिसलं की तिथं गळती आहे, पुसून टाकायचं नाही, आधी जोड बघायचा.

स्टीलची वस्तू तारेच्या घासणीनं घासू नका, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. ब्लीचिंग किंवा हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइटनं) धुतलं तर लगेच भरपूर साध्या पाण्यानं काढा. मीठ आणि ब्लीच एकत्र म्हणजे स्टेनलेसला दुहेरी मार. टाकी रिकामी ठेवायची असेल तर धुऊन कोरडी करा, तळाला चार बोटं ब्राइन ठेवून सुटीवर जाणं हे भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

वापरलेलं मिठाचं पाणी शेताच्या चरात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नका. मिरज, वाळवा, पलूसकडं आधीच कितीतरी रानं क्षारपड झालीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत पाणी कुठं सोडायचं ते लिहिलेलं असतं, लहान युनिट असेल तर पत्र्यावर पसरून उन्हात आटवलेलं मीठ गोळा करणं जमतं, एप्रिलमध्ये तर दोन दिवसांत वाळतं. तो पत्रा मात्र लोखंडाचा घेऊ नका, एचडीपीईचा घ्या.